करडाला ऊन का लागतं?

गेल्या मे महिन्यात आमच्या घरी, मुळशीतल्या चांदे गावात, दोन दिवसांचं करडू दगावलं. आई म्हणाली, "ऊन लागलं." मी पडलो कोड लिहिणारा, 'का लागलं' हे शोधल्याशिवाय चैन पडेना.

शेळीच्या अंगाचं तापमान साधारण ३९ अंश सेल्सिअस. करडालाही तेवढंच राखायचं असतं. पण अंग लहान असलं की वजनाच्या मानाने कातडी जास्त. म्हणून ते थंडीत पटकन गारठतं आणि उन्हात पटकन तापतं.

तापलं की कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, कानांतूनही उष्णता बाहेर पडते. पण हवाच अंगापेक्षा गरम झाली, तर हा मार्ग बंद. मग उरतं धापा टाकणं, म्हणजे अंगातलं पाणी खर्चून गार होणं.

खरी गोची इथेच आहे. मोठ्या शेळीच्या पोटातल्या रवंथाच्या कप्प्यात पाण्याचा साठा असतो. करडाचा तो कप्पा अजून तयारच नसतो. दूध थेट चौथ्या कप्प्यात जातं. त्याचं पाणी म्हणजे आईचं दूधच.

आणि आम्ही काय केलं? शेळी चरायला सोडली, करडू दुपारभर पत्र्याच्या शेडमध्ये डालग्याखाली उपाशी ठेवलं.

यंदा पत्र्यावर भाताचा पेंढा टाकलाय. जन्मल्यावर तासाभरात चीक पाजला. व्यालेली शेळी दुपारी घरीच असते. मागून 'बें' ऐकू येतंय ना? दोन्ही करडं मजेत आहेत.