उलटा धरला तरी तोच आकडा

मंडळी, पाटी-पेन्सिल घेऊन बसा. आज आपण आकड्यांची एक गंमत बघणार आहोत. गंमत आहे, पण तिच्यात कामाची गोष्टही आहे, बरं का.

आपण दोन तऱ्हेचे आकडे शिकलो. एक मराठी आणि दुसरे इंग्रजी. एसटीच्या तिकिटावर, नोटेवर, वजनकाट्यावर इंग्रजी आकडे भेटतात. नाव इंग्रजी, पण मूळ आपल्याच देशातलं. १९५० साली आपली राज्यघटना अमलात आली. तिच्यात त्यांना भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप असंच म्हटलं आहे.

आता पाटीवर इंग्रजी शून्य काढा. पाटी फिरवा. वरची बाजू खाली, खालची वर. काय दिसलं? शून्यच. एक काढा, नुसत्या उभ्या रेघेचा. फिरवला तरी एकच. आठ काढा. तोही आठच. आता सहा काढा आणि फिरवा. झाला की नाही नऊ? आणि नऊ फिरवला की सहा.

आता दोन आकडी संख्या घेऊ. अठ्ठ्याऐंशी फिरवले तरी अठ्ठ्याऐंशीच. एकोणसत्तरही तसेच. सहाचा नऊ होतो, नवाचा सहा होतो, आणि दोघे जागाही बदलतात. १९६१ हे साल इंग्रजी आकड्यांत लिहा. पाटी उलटी धरा. साल तेच! त्याच्या आधी असं साल १८८१ होतं. पुढचं मात्र एकदम ६००९. म्हणजे १९६१ नंतर चार हजार अठ्ठेचाळीस वर्षांनी.

मराठीतही असा एक आकडा आहे. दोघांचं पटत नसलं की आपण म्हणतो, त्यांचा छत्तीसचा आकडा. ३६ मध्ये तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून उभे असतात. पाटी उलटी धरा. शेपट्या वर जातात, पण तीन सहासारखा दिसतो आणि सहा तिनासारखा. पुन्हा छत्तीसच. पाठी काही वळत नाहीत!

आता कामाची गोष्ट. धान्याच्या पोत्यावर इंग्रजीत वजन लिहिलं, अडुसष्ट किलो. पोतं उलटं ठेवलं गेलं. वाचणारा एकोणनव्वद वाचील. एकवीस किलोंचा फरक! कोणाचा तरी तोटा होणारच. पिठाच्या गिरणीत डब्याला गोल बिल्ला लावला, तर सोळा नंबरचा एक्क्याण्णव होतो. म्हणून फिरणाऱ्या वस्तूवर आकडा लिहिला, की त्याच्याखाली आडवी रेघ मारावी. रेघ खाली दिसली, म्हणजे आकडा सरळ.

मराठी शब्दाला ही भीती नाही. का? अक्षरांच्या डोक्यावर रेघ असते. ती खाली दिसली, की कागद उलटा आहे हे लगेच कळतं. इंग्रजी अक्षरांना अशी रेघ नाही. इंग्रजीत ‘नून’ म्हणजे भर दुपार. मोठ्या अक्षरांत लिहिलेला हा शब्द उलटा धरला तरी नूनच राहतो. आपले काका, मामा, कडक, नयन हे शब्द शेवटाकडून वाचले तरी तेच राहतात. पण कागद उलटा केला, की तेही वाचता येत नाहीत.

आता पावती, वचनचिठ्ठी, चेक आठवा. तिथे रक्कम दोनदा लिहितात. एकदा आकड्यांत आणि एकदा ‘अक्षरी’. आकडा वाचताना चूक होते. कोणी मागे एक शून्यही वाढवून ठेवतो. शब्दाचं तसं सहज करता येत नाही. वचनचिठ्ठी आणि चेक यांच्यासाठी १८८१ सालचा कायदा आहे. तो आजही चालू आहे. आकडा आणि अक्षर यांत फरक पडला, तर अक्षरात लिहिलेली रक्कम खरी धरावी, असं तो सांगतो. आणि साल बघा, १८८१! उलटं धरलं तरी न बदलणारं.

पूर्वी कागद पुढे आला, की आपण अंगठा उठवत होतो. कागद सरळ की उलटा, हेही कळत नव्हतं. आता अक्षर आपलं झालं आहे. तेव्हा सही करण्याआधी आकडा वाचावा. मग अक्षरी रक्कम वाचावी. अक्षरी जागा कोरी असेल, तर आधी भरून घ्यावी. दोन्ही जुळले, तरच सही करावी.