गुदाशयाच्या खालच्या भागातील कर्करोग : शस्त्रक्रियेची निवड
(मंडळाच्या आरोग्य शिबिरात दिलेले व्याख्यान)



शौचावाटे रक्त पडले तर ते चारचौघांत सांगायचे नाही, असे आपण मानतो. मूळव्याध समजून मलम लावायचे आणि सहा महिने काढायचे. पुष्कळदा ती मूळव्याधच असते, हे खरे. पण गुदाशयाच्या खालच्या भागातील कर्करोगही असाच सुरू होतो, आणि डॉक्टरांनी बोट घालून तपासले तर ही गाठ बहुधा हाताला लागते. एवढ्या साध्या तपासणीला आपण लाजतो.

हा भाग शौच रोखून धरणाऱ्या स्नायूला लागून असतो. अडचण तिथेच आहे. इंग्लंडमध्ये माइल्स यांनी १९०८ साली मांडलेल्या शस्त्रक्रियेत गुदाशय गुदद्वारासह काढतात आणि पोटावर कायमची पिशवी येते. प्राण वाचतात, पण पिशवी लपवत जगणे सोपे नाही. पुढे १९८२ साली हील्ड यांनी दाखवले की, गुदाशयाभोवतीचे चरबीचे आवरण लसिकाग्रंथींसह अखंड काढले तर रोग त्याच जागी पुन्हा होण्याचे प्रमाण खूप घटते. गाठीखाली थोडा निरोगी भाग मिळाला तर स्नायू राखून आतडे जोडताही येते. मात्र नंतर वारंवार शौचास जावे लागते, हे रुग्णाला आधीच सांगितलेले बरे.

तिसरा मार्ग गुदद्वारातूनच जातो. जर्मनीत बुएस यांनी १९८०च्या दशकात त्यासाठी खास दुर्बीण तयार केली. पोटावर छेद नाही, पिशवी नाही, थोड्याच दिवसांत घरी. मोह पडावा अशीच ही शस्त्रक्रिया! पण तिच्यात लसिकाग्रंथी जागेवरच राहतात. त्यांत रोग शिरला असेल तर वरची गाठ काढून काय उपयोग? म्हणून गाठ साधारण तीन सेंटिमीटरपेक्षा लहान आणि स्नायूच्या थरापर्यंत न पोहोचलेली असावी लागते. एमआरआय व आतून केलेली सोनोग्राफी यांवरून याचा अंदाज येतो. खरा निकाल काढलेल्या गाठीच्या तपासणीतच लागतो. रोग खोलवर किंवा रक्तवाहिन्यांत, लसिकावाहिन्यांत दिसला तर मोठी शस्त्रक्रिया करावी, असेच सुचवावे लागते. रुग्णाची याला तयारी पहिल्या दिवसापासून हवी.

शिवाय पुढे काही वर्षे, सुरुवातीला दर तीन-चार महिन्यांनी, तपासणीस यावे लागते. गावाहून येण्याचे भाडे, बुडालेली मजुरी हे सारे आलेच. जो रुग्ण पुन्हा येऊ शकेल असे वाटत नाही, त्याला ही छोटी शस्त्रक्रिया सुचवायला मी कचरतो.