माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?



ऑलिव्हर स्टोनचा 'स्नोडेन' (२०१६) तुम्ही आत्ता पाहिलात. थरार पुरेपूर आहे. रुबिक क्यूबमध्ये मेमरी कार्ड लपवून नेण्याचा प्रसंग तर अगदी सिनेमावाला! मला मात्र जिनिव्हाचा तो बँकर जास्त लागला. त्याला जाळ्यात ओढायचं म्हणून त्याच्या मुलीचं खासगी आयुष्य उकरतात.

"माझ्याकडे लपवण्यासारखं काहीच नाही," असं आपण सहज म्हणतो. स्नोडेनने २०१३ मध्ये फोडलेल्या कागदपत्रांवरून पुढच्या वर्षी 'द इंटरसेप्ट'ने पाच अमेरिकन मुस्लिमांची नावं छापली. त्यांच्या ईमेलवर पाळत होती. त्यातले एक फैसल गिल. नौदलात नोकरी, गृहसुरक्षा खात्यात काम, वर रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार. देशनिष्ठेचा याहून मोठा दाखला कुठून आणायचा? त्याच कागदपत्रांत आपणही आहोत: मार्च २०१३ या एका महिन्यात भारतातून सुमारे ६३० कोटी नोंदी गोळा झाल्या होत्या.

अमेरिका लांब आहे म्हणाल, तर मुंबई उच्च न्यायालयात या. एका व्यावसायिकाचा फोन सीबीआयसाठी टॅप झाला होता. संशय बँक अधिकाऱ्याला लाच दिल्याचा. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी न्या. रणजित मोरे आणि न्या. एन. जे. जमादार यांनी टॅपिंगचे तिन्ही आदेश रद्द केले, रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. फोन ऐकायचा तर सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता, एवढीच कारणं कायद्यात होती. सर्वोच्च न्यायालयाने हे १९९६ मध्येच बजावलं होतं, आणि २०१७ मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क ठरला. म्हणजे आरोपीलाही हा हक्क आहे. तो चांगल्या वर्तणुकीचं बक्षीस नव्हे.

आणि आतली गोष्ट बाहेर सांगणाऱ्याचं काय? स्नोडेन रशियात अडकला. आपल्याकडे तळेगाव दाभाड्यात जमिनींचे गैरव्यवहार माहिती अधिकारातून बाहेर काढणाऱ्या सतीश शेट्टींचा १३ जानेवारी २०१० रोजी खून झाला. असं सांगणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला, पण लागू करायचा राहूनच गेला.

आता तुम्ही बोला. पहिला प्रश्न मीच टाकतो. जून २०२३ मध्ये शेजारच्या कोल्हापुरात मोबाइलच्या स्टेटसवरून दगडफेक झाली. त्यानंतर काहीही वावगं नसलेली एखादी गोष्ट तुमच्यापैकी किती जणांनी लिहून पुसली?