थिओपोलिसची नाणी

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत मराठीच्या अध्यापकाने साहित्यावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज सोबत एक पुरचुंडी घेऊन आलो आहे. तिच्यात नऊ नाणी आहेत. ती सोन्याची नाहीत, रुप्याचीही नाहीत. काशाची, म्हणजे तांब्यात कथलाचा थोडा अंश असलेल्या धातूची आहेत. दीड हजार वर्षांपूर्वी बायझंटाईन साम्राज्याच्या अँटिओक या नगरीतील टांकसाळीत ती पाडली गेली. मी नाणेशास्त्राचा पंडित नाही. परंतु या नऊ नाण्यांपायी मला पुष्कळ वाचावे लागले, आणि त्यांच्या बाबतीत माझ्या हातून दोन अपराधही घडले. त्यांची कबुली देण्यास वाचनालयासारखी दुसरी योग्य जागा नाही, असे मला वाटते.

ही नाणी आमच्या घरी कशी आली, ते आधी सांगितले पाहिजे. माझे चुलत आजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून पॅलेस्टाईनच्या आघाडीवर गेले होते. आपल्या बेळगावात मराठा पलटणीचे केंद्र असल्यामुळे अशा आजोबांच्या कथा येथे घरोघरी आहेत. बहुतेक सैनिकांनी परत येताना पदके आणली, कोणी दुखणी आणली. आमच्या आजोबांनी त्या मुलखातील खेडूतांकडून घेतलेली ही काळपट नाणी आणली. एकेक नाणे कागदाच्या चिटोऱ्यात गुंडाळून, सगळी एका फडक्यात बांधून, त्यांनी ती ट्रंकेत ठेवली होती. घरात त्यांना सगळे ‘आजोबांचे ढब्बू’ म्हणत. ढब्बू पैसा व्यवहारातून गेला, तरी शब्द शिल्लक होता.

ज्या नगरीची ही नाणी, ती आज तुर्कस्तानातील अंताक्या म्हणून ओळखली जाते. मराठी बायबलमध्ये तिचे नाव अंत्युखिया असे आले आहे. ओरोंटिस नदीच्या काठची ही नगरी रोमन साम्राज्यातील पहिल्या चार-पाच मोठ्या शहरांत गणली जाई. साम्राज्याची मुख्य टांकसाळ राजधानी कॉन्स्टँटिनोपल येथे होती. त्याखेरीज थेस्सालोनिका, निकोमीडिया, सिझिकस, अलेक्झांड्रिया, कार्थेज अशा ठिकाणी प्रांतिक टांकसाळी चालत. अँटिओकची टांकसाळ त्यांपैकीच एक. सोन्याचे नाणे मुख्यतः राजधानीत पडे. प्रांतात पडे ती बाजारहाटाची मोड.

त्या मोडीची व्यवस्था सम्राट अ‍ॅनास्टेशियसने इ. स. ४९८ मध्ये लावून दिली. तोपर्यंत ‘नुमस’ नावाचे नखाएवढे तांब्याचे नाणे चाले, आणि भाजी घ्यायची तरी मूठभर नाणी मोजावी लागत. अ‍ॅनास्टेशियसने चाळीस नुमसांचे एक मोठे नाणे काढले. त्याला फॉलिस म्हणत. ग्रीक लोक आकडे अक्षरांनी लिहीत. म्हणून फॉलिसच्या पाठीवर चाळीसदर्शक ‘म्यू’ हे अक्षर ठसठशीत उमटवले जाई. दिसायला ते इंग्रजी ‘एम’सारखेच. विसाच्या नाण्यावर ‘कॅप्पा’, दहाच्या नाण्यावर ‘आयोटा’, पाचाच्या नाण्यावर ‘एप्सिलॉन’. अक्षराखाली टांकसाळीचे संक्षिप्त नाव येई. पुढे जस्टिनियनने आपल्या राज्याचे वर्षही नाण्यावर घालण्यास आरंभ केला. म्हणजे किंमत, गाव आणि साल या तिन्ही गोष्टी त्या एका चकतीवर वाचता येतात. एखाद्या ग्रंथाचे मुखपृष्ठ हरवले तरी मुद्रणस्थळ आणि साल असलेले पान शाबूत राहावे, तसे हे आहे.

आता माझ्याजवळची नाणी सालवार मांडली तर काय दिसते पाहा. पहिले नाणे जस्टिन पहिला या सम्राटाचे आहे. त्यावर अँटिओक या नावाची आद्याक्षरे आहेत. दुसरे त्याच्या भाच्याचे, जस्टिनियनचे आहे. सम्राट सिंहासनावर समोरासमोर बसला आहे. एका हातात राजदंड, दुसऱ्या हातात क्रूस असलेला गोल. परंतु पाठीवर गावाचे नाव निराळे आहे. अँटिओक जाऊन तेथे ‘थिओपोलिस’ची अक्षरे आली आहेत. थिओपोलिस म्हणजे देवाची नगरी.

नगरीने नाव का बदलले? इ. स. ५२६ च्या मे महिन्यात अँटिओकमध्ये प्रचंड भूकंप झाला, आणि भूकंपामागून आग लागली. त्याच नगरीचा इतिहासकार मलालस मृतांचा आकडा अडीच लाख सांगतो. जुन्या इतिहासकारांचे आकडे जपून घ्यावे लागतात. पण नगरी उद्ध्वस्त झाली, यात शंका नाही. उरलेल्या लोकांनी पुन्हा घरे उभारायला घेतली, तो ५२८ च्या नोव्हेंबरात दुसरा भूकंप झाला. तेव्हा, निदान नावाने तरी देवाने आपल्याला पदरात घ्यावे, म्हणून नगरीचे नाव थिओपोलिस ठेवण्यात आले. राजाज्ञा, प्रवचने, प्रार्थना यांतले थोडेच आपल्यापर्यंत पोहोचले. परंतु हे नवे नाव घेऊन टांकसाळीतून निघालेली नाणी शेतांतून आणि विहिरींतून अजून सापडतात. ज्या माणसाने त्या नाण्याने पाव विकत घेतला, त्याच्या घरातले किती जण ढिगाऱ्याखाली गेले होते, कोणास ठाऊक.

येथे एक प्रश्न आपल्यापैकी कोणी विचारील : ही नाणी आपल्याकडे कधी आली नाहीत काय? बायझंटाईन सोने आले. येथून फार लांब नसलेल्या, हावेरी जिल्ह्यातील अक्की आलूर येथे पाचव्या-सहाव्या शतकांतील बायझंटाईन सुवर्णनाण्यांचा साठा सापडला आहे. त्यांतल्या काही नाण्यांना ओवण्यासाठी भोके पाडलेली आहेत. आपल्या घरांतल्या पुतळ्यांच्या माळेतील पुतळी मूळ व्हेनिसच्या मोहरेवरून आली. तेव्हा परदेशी मोहोर गळ्यात घालण्याची ही हौस जुनी दिसते. जस्टिनियनच्याच काळातला कॉस्मस हा ग्रीक व्यापारी-भिक्षू कल्याण बंदराचा उल्लेख करतो, आणि तेथून तांबे-पितळ व कापड बाहेर जाते असे लिहितो. ज्या मुलखातून तांबे बाहेर जात होते, तेथे तांब्याची मोड कोण कशाला आणील? सोने देशोदेशी फिरते. तांबे पाडले जाते त्याच मुलखाच्या आसपास झिजते. म्हणूनच तांब्याचे नाणे त्या मुलखाबद्दल अधिक सांगते. मात्र ते कोठे सापडले, हे आपल्याला माहीत असले पाहिजे.

आणि नेमके येथेच मी पहिला अपराध केला.

मी तेव्हा दहावीत होतो. आजोबा वारले होते. दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत ती ट्रंक उघडली गेली आणि पुरचुंडी माझ्या हाती लागली. नाण्यांभोवतीच्या चिटोऱ्यांवर पेन्सिलीने काहीतरी लिहिले होते. अक्षर मोडी होते. मला मोडी येत नव्हती. घरात ज्यांना येत होती, त्यांना विचारावे असे मला सुचले नाही. मी नाणी काढून घेतली, आणि ते नऊ चिटोरे अंघोळीच्या बंबात पेटवणासाठी गेले.

पुढे एम. ए. ला असताना मी मोडी शिकलो. आज दोनशे वर्षांपूर्वीचा कागद अडखळत का होईना वाचू शकतो. पण त्या चिटोऱ्यांवर काय होते, हे मला कधीच कळणार नाही. आजोबा नेटक्या सवयीचे होते. औषधाच्या बाटलीवरसुद्धा तारीख घालत. नाणे कोणत्या गावी, कधी, कोणाकडून घेतले, हेच त्यांनी लिहिले असावे, असे माझे मन सांगते. अँटिओकमध्ये १९३२ ते १९३९ या काळात प्रिन्स्टन विद्यापीठाच्या पुढाकाराने उत्खनन झाले, आणि तेथे सापडलेल्या नाण्यांची सूची १९५२ मध्ये ग्रंथरूपाने आली. त्या सूचीतील झिजलेल्या, किडलेल्या नाण्यालाही मान आहे, कारण ते कोठे मिळाले हे नोंदलेले आहे. माझी नाणी त्यांच्याहून देखणी असतील, पण ती पोरकी आहेत.

दुसरा अपराध तिसऱ्या नाण्याच्या बाबतीत घडला. हे जस्टिनियनचे मोठे फॉलिस आहे. व्यास जवळजवळ चार सेंटीमीटर. आपल्या राज्याच्या बाराव्या वर्षी, म्हणजे ५३८-३९ मध्ये त्याने फॉलिस मोठे केले. वजन वीस ग्रॅमच्या वर नेले, आणि ‘म्यू’ अक्षराच्या डाव्या बाजूस ‘वर्ष’ हा शब्द व उजव्या बाजूस रोमन आकडा घातला. हे नाणे हाती आले तेव्हा त्यावर हिरवट काळा थर होता. आजी दिवाळीला तांब्याची भांडी घासत होती. मी तिच्याकडून चिंचेचा कोळ आणि मीठ घेतले आणि तासभर नाणे घासले. ते नव्या तांब्यासारखे लकाकू लागले. घरात सर्वांना दाखवले. सर्वांनी शाबासकी दिली.

तो थर म्हणजे मळ नव्हता. शतकानुशतके मातीत पडून धातूवर धरलेले ते कवच होते, आणि झिजलेल्या अक्षरांच्या कडा त्या कवचातच टिकून होत्या. कवचाबरोबर अक्षरे गेली. आज उजव्या बाजूस रोमन दहाची एक फुली दिसते. तिच्याखाली तीन रेघा होत्या की दुसरी फुली होती, ते सांगता येत नाही. रेघा असतील तर वर्ष तेरावे. फुली असेल तर विसावे.

एवढ्याने काय बिघडले, असे आपण म्हणाल. तेरावे वर्ष म्हणजे इ. स. ५३९-४०. त्याच ५४० च्या उन्हाळ्यात इराणचा सम्राट पहिला खुस्रो याने अँटिओक जिंकले, जाळले, आणि तेथल्या हजारो रहिवाशांना बंदी करून आपल्या राजधानीजवळ नेले. तेथे त्यांच्यासाठी नवे गाव वसवले. त्याच्या नावाचा अर्थच ‘खुस्रोने अँटिओकहून सरस वसवलेले’ असा होतो. त्यानंतर ५४२ मध्ये प्लेगची साथ आली. विसावे वर्ष म्हणजे ५४६-४७. तेव्हा आपले नाणे तेरा सालचे असेल, तर ते उद्या काय होणार याची कल्पना नसलेल्या नगरीचे आहे. वीस सालचे असेल, तर दोन भूकंप, एक लूट आणि एक साथ सोसून पुन्हा भट्टी पेटवणाऱ्या कारागिरांचे आहे. दोन नाण्यांत सात वर्षांचे अंतर, आणि माझ्या चिंचेने ते पुसून टाकले. जाणकारांना दाखवले. अंदाज मिळाले, निर्णय मिळाला नाही. वजनावरून काही ठरवावे, तर थोडा धातूही मीच घासून काढलेला.

उरलेल्या नाण्यांतून पुढची कथा दिसते. दुसऱ्या जस्टिनच्या नाण्यावर तो आणि राणी सोफिया शेजारी शेजारी बसलेली आहेत. मॉरिसच्या नाण्यावर सम्राटाभोवतीची अक्षरे इतकी विस्कटलेली आहेत की, ठसा कोरणाऱ्याला लॅटिन येत होते की नाही असा संशय यावा. वजनही जस्टिनियनच्या मोठ्या नाण्याच्या निम्म्यावर आले आहे. शेवटचे नाणे फोकासचे. त्यावर तो राणी लिऑन्टियासह उभा आहे. त्याची कारकीर्द ६१० मध्ये संपली. त्याच सुमारास इराणी सैन्य पुन्हा आले आणि थिओपोलिसची टांकसाळ बंद पडली.

नगरी मात्र संपली नाही. अरब आले, पुन्हा बायझंटाईन आले, क्रूसेडर आले, मामलुक आले. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी पहाटे तेथे पुन्हा भूकंप झाला, आणि अंताक्याचा फार मोठा भाग जमीनदोस्त झाला. त्या दिवसांत दूरदर्शनवर ढिगारे पाहताना मी ही पुरचुंडी उघडून बसलो होतो. किल्लारीचा १९९३ चा भूकंप आपण विसरलेलो नाही. तेव्हा वेगळे काही सांगायला नको.

नव्याने संग्रह करू पाहणाऱ्या आपल्या तरुण सभासदांना माझे थोडेच सांगणे आहे. एका टांकसाळीची नाणी जमवा. शंभर गावांची शंभर नाणी जमवण्यापेक्षा त्यातून अधिक कळते. नाणे चिंच, लिंबू, राख यांपासून दूर ठेवा. फिकट हिरवी भुकटी सुटू लागली तर तो धातूचा रोग समजा. नाणे कोरड्या जागी वेगळे ठेवा आणि जाणत्याकडे न्या. वजन आणि व्यास मोजून लिहा. विक्रेता कोठून आणले ते सांगत नसेल, तर नाणे कितीही स्वस्त असो, घेऊ नका. आज सीरियासारख्या युद्धाने पोळलेल्या देशांतून जमिनी उकरून चोरलेला माल बाजारात येतो, आणि तो घेणारा माझ्या बंबाचेच काम करतो. आणि नाण्याबरोबर आलेला कागद नाण्याइतकाच जपा.

आपल्या वाचनालयाची शंभर वर्षांची दाखल नोंदवही कार्यवाहांनी मला पाहू दिली. पुस्तक कोणी दिले, कधी आले, किंमत काय, हे प्रत्येक ओळीत लिहिले आहे. ते लिहिणाऱ्यांना कोणी पुरस्कार दिला नसेल. पण त्यांनी कोणतेही पुस्तक पोरके होऊ दिले नाही. त्याच कपाटांत मोडी कागदांचे काही गठ्ठे अद्याप न वाचलेले आहेत. शताब्दी वर्षात ते वाचून त्यांची यादी करावी, अशी माझी विनंती आहे. दर शनिवारी संध्याकाळी मी स्वतः त्यासाठी येत जाईन.

ही नऊ नाणी मी आज वाचनालयाच्या स्वाधीन करीत आहे. सोबत एक वही आहे. प्रत्येक नाण्याचे वजन, व्यास आणि वाचता आलेली अक्षरे तिच्यात लिहिली आहेत. ‘कोठे मिळाले’ या रकान्यात नऊही ठिकाणी ‘अज्ञात’ असे लिहून त्यापुढे कारण दिले आहे, आणि तिसऱ्या नाण्याच्या सालापुढे ‘तेरावे किंवा विसावे, घासल्यामुळे अस्पष्ट’ अशी नोंद करून खाली माझी सही केली आहे.