पोच

व्यासपीठावरचे मान्यवर, पहाटेची एस.टी. धरून आलेले कार्यकर्ते, आणि मागच्या ओळीतले माझे जुने मित्र, जे भाषणासाठी नव्हे तर नंतरच्या पिठलं-भाकरीसाठी आले आहेत हे मला ठाऊक आहे,

या ग्राहक मेळाव्याच्या अध्यक्षपदासाठी माझं नाव सुचवणाऱ्यांनी जोखीमच घेतली आहे. मी वकील नाही, प्राध्यापक नाही. एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी केली आणि त्यातली पहिली चार बारनिशीत, म्हणजे आवक-जावकच्या टेबलावर काढली. आज जे बोलणार आहे ते त्या टेबलावरूनच. विषय एकच आहे: पोच.

बारनिशीत माणसं अर्ज घेऊन यायची. साधे लोक एकच प्रत आणायचे, ती माझ्या हातात द्यायचे आणि नमस्कार करून निघून जायचे. जाणते लोक दोन आणायचे. दुसरी प्रत पुढे सरकली की माझा हात आखडायचा. ‘साहेब बाहेर गेलेत’, ‘शिक्का वरच्या मजल्यावर आहे’, ‘सोमवारी या’, हे सगळं मी स्वतः म्हटलेलं आहे. आता कबूल करायला हरकत नाही, पेन्शन सुरू आहे. अर्ज घ्यायला मला कधीच अडचण नव्हती, ठेवायला कपाटं होती. अडचण होती ती शिक्क्याची. शिक्का आणि तारीख पडली की अर्जात जीव येतो, मुदत धावायला लागते, आणि पुढे कुणी विचारलं तर ‘असा कागद आमच्याकडे आलाच नाही’ हे वाक्य वापरता येत नाही. कचेरीचं सगळ्यात आवडतं वाक्य अर्जदार दुसऱ्या प्रतीवर काढून घेतो. म्हणून कारकून पोच द्यायला कां-कूं करतो.

हे शहाणपण मला आपल्या चळवळीनेच शिकवलं, आणि तेही टेबलाच्या पलीकडून. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, पुढच्याच वर्षी मुंबईत मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तेव्हा ग्राहक संरक्षणाचा कायदा नव्हता. तो यायला १९८६ उजाडलं. कायदा नसतानाही पंचायतीचे लोक माझ्या टेबलासमोर दुसरी प्रत धरून शांतपणे उभे राहायचे. भांडायचे नाहीत. फक्त हलायचे नाहीत. त्यांच्या त्या उभं राहण्याला मी किती वैतागलो असेन! निवृत्त झाल्यावर मीही त्यांच्यात जाऊन उभा राहिलो.

आता गंमत बघा. कायद्याने पोच मान्य केली. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि विकलेल्या वस्तूचं किंवा दिलेल्या सेवेचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरली. ‘पक्कं बिल हवं असेल तर जीएसटी लागेल बरं का’ असं हसून सांगणारा दुकानदार सवलत देत नसतो, कायदा मोडत असतो. त्याच जुलैत ई-कॉमर्सचे नियम आले. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव जाहीर करायचं, तक्रार आल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत पोच द्यायची, महिन्याभरात निवारण करायचं. ऑनलाइन बाजार चालवणाऱ्याने प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यायचा. संमतीच्या चौकटीत आधीच खूण करून ठेवायची नाही. माझ्या बारनिशीतल्या चार वर्षांत असा नियम असता तर मी पहिल्याच महिन्यात बदली मागितली असती.

कागदावर एवढं सगळं मिळालं, आणि नेमकी त्याच वेळी पोच उलटी फिरली.

गेल्या पावसाळ्यात आमचं कपडे धुण्याचं मशीन बंद पडलं. कंपनीचं नाव सांगत नाही, तुमच्याही घरात तसंच काहीतरी असेल. ॲपवर तक्रार केली. दुसऱ्या दिवशी संदेश आला: आमचा तंत्रज्ञ येऊन गेला, ग्राहक घरी नव्हते, तक्रार बंद. मी सकाळी नऊपासून दारात खुर्ची टाकून पेपर वाचत होतो. पुन्हा तक्रार. चौथ्या दिवशी एक मुलगा आला. घामाघूम, पाठीवर पिशवी, दिवसभरात अजून नऊ घरं. मशीनकडे बघण्याआधी म्हणाला, ‘‘काका, हॅपी कोड सांगा.’’ म्हटलं, आधी दुरुस्त तर कर. म्हणाला, ‘‘पार्ट मागवावा लागेल काका. पण कोड टाकल्याशिवाय मला पुढची कम्प्लेंट उघडत नाही.’’ पोराचा चेहरा बघून मी आकडे सांगितले. तो जिना उतरला नसेल तोवर माझ्या फोनवर आभाराचा संदेश: तुमचं समाधान झालं याचा आम्हाला आनंद आहे. आणि मशीनमध्ये दोन चादरी भिजत पडलेल्या.

त्या संध्याकाळी चादरी पिळताना माझ्या लक्षात आलं की आयुष्यभर मी पोच द्यायची टाळाटाळ केली आणि आता दिवसभर पोचच देत असतो. पार्सल आलं, ओटीपी द्या. सिलिंडर आला, कोड द्या. ॲप उघडलं, ‘मी सर्व अटी वाचल्या असून मला त्या मान्य आहेत’. ही तर न वाचलेल्या कागदाची पोच, आणि तीही ज्या भाषेत आपण भाजीसुद्धा घेत नाही त्या भाषेतल्या कागदाची! समोरच्याकडे आपल्या बोटाच्या प्रत्येक टिचकीची वेळ सेकंदासह नोंदलेली असते. आपल्याकडे काय असतं? चॅटच्या खिडकीत ‘तुमच्याशी बोलून छान वाटलं’ असं म्हणणारं यंत्र, आणि खिडकी मिटली की सगळं संभाषण गडप. माझ्यावर ओरडता तरी येत होतं. मी चहा प्यायला गेलो तर लोक कँटीनपर्यंत मागे यायचे.

यंत्रावर माझा राग नाही, हे तरुण मित्रांनी लक्षात घ्यावं. पोच देणं यंत्राला माणसापेक्षा कितीतरी सोपं आहे. त्याचा शिक्का वरच्या मजल्यावर नसतो. तरीही ते देत नाही, कारण तसं ते बनवलेलंच नाही. कुणीतरी बसून ठरवलं आहे की ‘खरेदी करा’ हे बटण ठसठशीत असावं आणि ‘सदस्यत्व रद्द करा’ पाच पडद्यांच्या मागे असावं. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राने अशा तेरा डार्क पॅटर्नना अनुचित ठरवणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. घाईचा आव आणणं, टोपलीत गुपचूप वस्तू टाकणं, नको म्हणणाऱ्याला लाजवणं, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणं. यादी वाचून मला आमचा जुना स्टाफ आठवला. नावं नवी, खोडी जुनी.

पोचेची सवय सुटली की काय होतं याचा हिशेब भामट्यांनी आपल्याआधी केला. ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा’ हा संदेश इथे किती जणांना आला? बरेच हात वर आहेत. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. म्हणजे तो संदेश खोटा आहे हे ओळखायला संगणकाचं ज्ञान लागत नाही, ‘लेखी नोटीस कुठे आहे’ एवढा बारनिशीतला प्रश्न पुरतो. व्हिडिओ कॉलवरच्या ‘डिजिटल अरेस्ट’चंही तेच. कॅमेऱ्यासमोर बसवून अटक करायची तरतूद आपल्या कुठल्याही कायद्यात नाही. उलट पंकज बन्सल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं की मनी लाँड्रिंगच्या कायद्याखाली पकडलेल्या माणसाला अटकेची कारणं लेखी द्यावीत. अटकेलाही कागद लागतो, मित्रांनो. पण आमचे निवृत्त प्राचार्य, डॉक्टर, बँकेतले अधिकारी तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर बसतात, कारण हुकूम पडद्यावरून येतो आणि पडद्याकडे कागद मागायचा असतो हेच आपण विसरलो आहोत.

आणि पैसे गेलेच तर? रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने सांगितलं की चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कुणाची असेल आणि तुम्ही बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवलंत, तर तुमचा तोटा शून्य. तुमची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर. ओटीपी स्वतःच सांगितला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. त्या परिपत्रकात आणखी एक ओळ आहे, जी माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची: ग्राहकाने कळवताच बँकेने तक्रार क्रमांकासह लगेच पोच द्यावी. आमच्या तक्रार केंद्रावर येणाऱ्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो. क्रमांक आहे? दहातले सात म्हणतात, ‘‘मॅनेजरसाहेबांना तोंडी सांगितलंय.’’ मॅनेजरसाहेबांची बदली झालेली असते.

जरा राजकारणाकडे येतो. संयोजकांनी ‘पक्षीय नको’ असं बजावलं आहे, त्यामुळे जपून. मतदान यंत्राला व्हीव्हीपॅट जोडलं गेलं ते कशासाठी? मतदाराला पोच हवी होती म्हणून. ८ ऑक्टोबर २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कागदी माग ही मुक्त आणि निर्भय निवडणुकीची आवश्यक गरज आहे. चिठ्ठी सात सेकंद काचेआडून दिसते आणि पेटीत पडते. ती घरी नेता येत नाही, आणि नेता येऊ नये हेच बरोबर आहे. नाहीतर कोपऱ्यावर उभा असलेला कार्यकर्ता ‘दाखव चिठ्ठी आणि घे पाकीट’ म्हणायला मोकळा. पण चिठ्ठीवर वेगळंच चिन्ह दिसल्याची तक्रार करायची तर आधी लेखी निवेदन द्यायचं, आणि तक्रार खोटी ठरली तर शिक्षेची टांगती तलवार. डिसेंबर २०२४ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी मतपत्रिकेवर चाचणी मतदान घ्यायचं ठरवलं आणि प्रशासनाने ते होऊ दिलं नाही. यंत्र बरोबर की चूक हे ठरवणारा मी कोण? कायद्याच्या बाजूने पाहिलं तर गावाला निवडणूक घ्यायचा अधिकार नाही, हेही खरं. माझं म्हणणं एवढंच की ज्याला पोच मिळाल्यासारखी वाटते तो माणूस पुन्हा मोजायला बसत नाही. दरडावून तसं कुणालाही वाटायला लावता येत नाही.

आपल्या ग्राहक आयोगांबद्दल थोडक्यातच बोलतो, कारण तो विषय निघाला की माझा रक्तदाब वाढतो. मालाची तपासणी लागत नसेल तर तक्रार तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. रिकाम्या जागांची दखल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. गेल्या निवडणुकीत तुमच्या दारात आलेल्या एका तरी उमेदवाराला तुम्ही विचारलंत का, की आपल्या जिल्हा आयोगात सदस्य किती आणि खुर्च्या किती? आपण समाजमंदिराच्या पत्र्याबद्दल विचारलं. मीही तेच केलं.

२०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर पोस्टाची स्वतंत्र सेवा गुंडाळून ती स्पीड पोस्टमध्ये विलीन केली. बातमी वाचून पत्नीला म्हटलं, आपलं एक माणूस गेलं. तिला वाटलं, कचेरीतलं कुणी. रजिस्टर ए.डी.चं ते कार्ड, मागे समोरच्याची किरटी सही, कधी सहीऐवजी नुसता अंगठा. आमच्या कपाटात त्यांचा एक गठ्ठा अजून आहे. त्यातल्या निम्म्या तक्रारींचं पुढे काहीच झालं नाही. पण ‘मिळालंच नाही’ असं मात्र एकालाही म्हणता आलं नाही.

आता ठराव. जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेकडे पाठवायचा हा मसुदा मी रात्री लिहिला. ग्राहकाकडून काम पूर्ण झाल्याचा कोड घेणाऱ्या प्रत्येक सेवा पुरवठादाराने त्याच क्षणी ग्राहकाला काय काम केलं, काय राहिलं आणि ते कधी होणार याची तारखेसह नोंद मराठीत द्यावी. नोंद न देता घेतलेला कोड ग्राहकाचं समाधान मानू नये. चॅटवरच्या तक्रारीचं पूर्ण संभाषण ग्राहकाला आपोआप ईमेलने किंवा संदेशाने मिळावं. आणि ॲपने बंद केलेली तक्रार पुन्हा उघडायचं बटण ‘खरेदी करा’ एवढंच मोठं असावं. शेवटच्या मुद्द्याला हसू नका, कार्यवाह. तो आधीच्या मुद्द्यांइतकाच गंभीर आहे.

तीन प्रती आणल्या आहेत. एक परिषदेला, एक तुमच्या फायलीला. तिसरी माझी. तिच्यावर सही हवी, आजची तारीख हवी, आणि शिक्का कुठल्याही मजल्यावर असला तरी मी जेवण होईपर्यंत इथेच बसलो आहे. आवक क्रमांक टाकायला विसरू नका.