उंबरठा नसलेली न्हाणी
(सावरगाव येथे ग्रामस्थ, शिक्षक व कर्मचारी यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



न्हाणी हा काही सभेत बोलावयाचा विषय नव्हे, असे आपल्यापैकी काहींना वाटत असेल. मलाही पूर्वी तसेच वाटे. काही वर्षांपूर्वी मी स्वतःच्या घरात नवी न्हाणी बांधून घेतली. पाणी बाहेर येऊ नये म्हणून तिच्या तोंडाशी चार इंचांचा कठडा घातला आणि त्या खबरदारीचे मला कौतुकही वाटले. पुढच्या वर्षी, आषाढातल्या एका पहाटे, मातोश्रींचा पाय त्याच कठड्याला अडखळला व त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर त्या आपल्या पायांनी न्हाणीपर्यंत गेल्या नाहीत. चूक मिस्त्रीची नव्हती; कठडा मीच मागून घेतला होता. म्हणून आज, सरळ चालत आत जाता येईल अशा फरशीच्या न्हाणीविषयी बोलावयाचे मी ठरविले आहे.

कठडा नसेल तर पाणी घरभर होईल, ही पहिली शंका. वास्तविक पाणी उताराने आवरले जाते. तोंडापासून जाळीपर्यंत फुटामागे पाव इंच उतार पुरेसा होतो. म्हणजे चार फुटांच्या न्हाणीत एक इंच. हा एक इंच, फरशीखालच्या मसाल्याचा एक इंच आणि फरशीची जाडी अर्धा इंच धरली, तर न्हाणीपुरते काँक्रीट शेजारच्या तयार जमिनीपेक्षा अडीच इंच खाली असावयास हवे. नेमके हेच विसरले जाते. सगळ्या घराचे काँक्रीट एका पातळीत ओतून होते, मग उताराला जागा उरत नाही, आणि नाइलाजाने कठडा उभा राहतो. काँक्रीट आधीच झाले असेल तर तेवढा तुकडा फोडून खाली नव्याने घालावा. खर्च होतो, धूळ होते. तरी खुब्याच्या शस्त्रक्रियेपेक्षा तो खर्च थोडाच.

दुसरी गोष्ट आपल्या मातीची. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, आणि भोवतालच्या शिवारात जागोजाग काळी माती. ही माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट ओतलेले काँक्रीट तिच्याबरोबर वरखाली होते व तडकते. वरच्या फरशीलाही मग त्याच रेषेत तडा जातो, आणि आपण फरशीच्या दुकानदाराला बोल लावतो. शक्य तेवढी, निदान दीड-दोन फूट काळी माती काढावी. तेथे मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून, धुमसाने ठोकून भरावा. त्यावर दगडाचे सोलिंग व मग काँक्रीट. सांडपाण्याचा नळ व जाळीखालचे भांडे काँक्रीटच्या आधी बसवावे. या भांड्याला दुकानात ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपल्या न्हाणीचेच नाव त्याला आहे. त्यात दोन इंच पाणी कायम साचून राहते व त्यामुळे गटाराची दुर्गंधी आणि झुरळे वर येत नाहीत. भांडे स्वस्त मिळते म्हणून उथळ घेऊ नये.

आमच्याकडच्या कडक उन्हात काँक्रीटला निदान 10 दिवस ओलावा लागतो, आणि राखमिश्रित सिमेंट असेल तर 14 दिवस. आज बाजारात बहुतेक हेच मिश्र सिमेंट असते. तिसऱ्या दिवशी पाणी मारणे थांबविणारा घरमालक मी पाहिला आहे, आणि तोही मीच होतो.

आता मुख्य मुद्दा. चकचकीत फरशी बसविली म्हणजे पाणी अडले, असा सार्वत्रिक समज आहे. फरशी पाणी अडविते, पण दोन फरश्यांमधली सांध अडवीत नाही. सिमेंटने भरलेल्या सांधीतून रोज थोडे पाणी झिरपते, आणि ओलीचा डाग शेजारच्या खोलीच्या भिंतीवर दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. मोहेंजोदडोच्या बांधकाम करणाऱ्यांना हे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते. तेथील महास्नानगृहाच्या विटा एकमेकींना घट्ट भिडवलेल्या, सांधीत जिप्समचा मसाला. तरीही तेवढ्यावर न विसंबता त्यांनी विटांच्या मागे सुमारे इंचभर डांबराचा थर दिला. साध्या घरांतल्या न्हाण्यांनाही विटांची उतरती जमीन होती व पाणी रस्त्याच्या गटारात जाई.

आपल्याला डांबर नको. सिमेंटमध्ये मिसळून ब्रशने लावावयाचे जलरोधक द्रव्य मिळते. जमीन व भिंत जेथे मिळतात तो कोपरा आधी मसाल्याने गोल करून घ्यावा, कारण तडा तेथेच जातो. मग दोन हात द्यावेत, पहिला आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा. जमिनीवरून हा थर भिंतीवर वीतभर चढवावा; जेथे अंगावरचे पाणी उडते त्या भिंतीवर माणसाच्या उंचीइतका. फरशी बसविण्यापूर्वी जाळीत बोळा घालून, तोंडाशी मातीचा तात्पुरता बांध घालून पाणी तुंबवावे व पातळीची खूण खडूने करावी. चोवीस तासांनी पाणी खुणेपाशी असले तरच फरशीला हात लावावा. मिस्त्री घाई करील; त्याला चहा पाजावा, पण ही चाचणी सोडू नये.

फरशी खरखरीत घ्यावी, लहान घ्यावी. लहान फरशी चारी बाजूंच्या उताराला वळते, आणि सांधी अधिक असल्याने पायाला पकड मिळते. दार तीन फूट रुंद असावे, म्हणजे चाकांची खुर्चीही आत जाते. आधाराची दांडी विटांच्या भिंतीत खोल रोवावी. नुसत्या फरशीत बसविलेली दांडी ऐन वेळी हातात येते.

राहिले पाणी. काळ्या मातीत शोषखड्डा लवकर तुंबतो, हा अनुभव येथे अनेकांना आहे. ते पाणी परसात केळी-अळवाकडे वळवावे, गल्लीत सोडू नये आणि विहिरीपासून दूर ठेवावे.

भाषण संपले की नदीकडल्या आळीतल्या एका घरी आपण जाणार आहोत. तेथील न्हाणीत आज सकाळी आठ वाजता पाणी तुंबवून खडूची खूण केलेली आहे. उद्या आठ वाजता पुन्हा तेथेच जमावे. विद्यार्थ्यांना आणले तरी चालेल. खूण उघडी पडलेली दिसली, तर मिस्त्रीसमोरच तो थर पुन्हा देऊ.