बॅटरीच्या तळाशी बसणारा गाळ



आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे मामा तलाव कोणाला ठाऊक नाहीत? मालगुजारी 1951 साली संपली, तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’चे लोकांनी ‘मामा’ करून टाकले. अशा एखाद्या जुन्या तलावाच्या पाळीवर उभे राहून पाहा. पाळ तीच, सांडवा तोच, श्रावणात तलाव काठोकाठ भरतोही. पण धान निसवायच्या वेळी शेवटचे पाणी द्यायला जावे, तो तळ दिसू लागलेला! पाणी कुठे गेले? ते गेले नाही, ते मुळात कमीच मावले होते. तळाशी गाळ बसत गेला आणि जागा आटली.

आज मला बोलायचे आहे ते बॅटरीविषयी, आणि बॅटरीचेही हुबेहूब असेच होते. काट्यावर शंभर टक्के दिसते, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण शंभर टक्के कशाचे, हे काटा सांगत नाही. तलाव भरला एवढेच तो सांगतो. तलाव केवढा उरला ते नाही.

हा गाळ म्हणजे काय ते पाहू. मोबाइल, विजेवरची स्कूटर, मोटार यांत लिथियमची बॅटरी असते. बाजारात ती प्रथम 1991 साली आली आणि तिच्या जनकांना 2019 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. भरताना आणि वापरताना लिथियमचे कण एका बाजूकडून दुसरीकडे ये-जा करतात. तिथल्या कार्बनवर, दुधावर साय धरावी तसा एक पातळ पापुद्रा धरतो. थोडा पापुद्रा हवाच, त्याने आतले राखले जाते. पण तो जाड होत जातो, आणि त्यात अडकलेले लिथियम पुन्हा कामाला येत नाही. उष्णता वाढली की ही साय भराभर धरते. आणखी एक गोष्ट म्हणजे, गाडी अंगणात नुसती उभी असली तरी हे काम चालूच राहते. बॅटरी वापराने म्हातारी होते, तशी नुसत्या दिवसांनीही होते.

उष्णतेचा अनुभव जगाने अमेरिकेत घेतला. ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहराचा उन्हाळा म्हणजे आपल्या चंद्रपूरच्या उन्हाळ्याचा सख्खा भाऊच. निसान कंपनीची ‘लीफ’ ही विजेची मोटार 2010 साली निघाली. तिच्या बॅटरीला थंड ठेवणारी पाण्याची सोय नव्हती. 2012 साली तिथल्या मालकांची ओरड सुरू झाली, की दीड-दोन वर्षांतच गाडीची धाव घटली. पुढे कंपनीला पाच वर्षे किंवा 60 हजार मैलांपर्यंत क्षमतेची हमी द्यावी लागली. त्याच 2010 सालची शेवरोलेची ‘व्होल्ट’ मात्र वेगळ्या विचाराने बांधलेली होती. ती प्लग-इन हायब्रिड, म्हणजे घरच्या विजेवर भरता येणारी आणि शिवाय पेट्रोलचे इंजिन असलेली गाडी. अशा गाडीची बॅटरी लहान असते, त्यामुळे ती बहुधा रोज पुरती रिकामी होते आणि रोज भरावी लागते. म्हणून 16 युनिटांच्या बॅटरीतली जेमतेम 10 युनिटेच वापरू द्यायची आणि बाकीची राखून ठेवायची, असे तिच्या कारागिरांनी ठरवले. शिवाय बॅटरीभोवती थंड द्रव खेळवला. शहाणपणा म्हणायचा तो हा!

हायब्रिड गाडीत एक फसगतही असते. जोडीतला एक बैल थकला तर दुसरा जास्त ओढतो आणि बंडी चालतच राहते. तशी बॅटरी कमी पडली की इंजिन लवकर सुरू होते. मालकाला काही कळत नाही. कळते ते पेट्रोलच्या खर्चावरून. ई-रिक्षाला दुसरा बैलच नाही. तिची बॅटरी आटली की सवारी अर्ध्या वाटेवर उतरते, आणि कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

पुष्कळ ई-रिक्षांत अजून शिशाच्या बॅटऱ्या असतात, बारा व्होल्टच्या चार. घरच्या सौर दिव्यांच्या संचांतही शिशाची बॅटरी असे. तिचा गाळ निराळा. ती वापरून झाल्यावर रिकामीच ठेवली, तर पत्र्यांवर सल्फेटचे खडे घट्ट होतात आणि मग विरघळत नाहीत. पावसाळ्यात चार दिवस ऊन नाही, दिवा मात्र रोज लावला, असे झाले की बॅटरी बसते ती यामुळे. म्हणून शिशाची बॅटरी भरून ठेवावी आणि तिच्यातले डिस्टिल्ड पाणी पाहत जावे. लिथियमचे उलट आहे. गाडी महिनाभर उभीच राहायची असेल तर ती काठोकाठ भरू नये, निम्मी भरावी. लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि शेजाऱ्याचा सल्ला आपल्या बॅटरीला लावतात! दोघींना लागू पडणारी गोष्ट एकच: सावली. भर दुपारी तापून आलेली गाडी लगेच भरायला लावू नका. तास-दोन तास मांडवाखाली निवू द्या, किंवा रात्री भरा.

विकत घेताना ‘गॅरंटी किती वर्षांची?’ एवढेच विचारून थांबू नका. किती क्षमतेची गॅरंटी, हे कागदावर लिहून मागा. शिवाय रोज 60 किलोमीटर लागत असतील तर 60 चीच गाडी घेऊ नका, 80-90 ची पाहा. गाळासाठी जागा आधीच सोडलेली बरी.

शिक्षक बंधुभगिनींना एक प्रयोग सुचवतो. शाळेचा सौर कंदील दर महिन्याच्या पहिल्या स्वच्छ उन्हाच्या दिवशी पूर्ण भरा आणि दिवेलागणीला लावा. मंद व्हायला किती तास लागले ते मुलांकडून वहीत लिहून घ्या. वर्षभराने त्या बारा आकड्यांचा आलेख मुलांनाच काढू द्या. मे महिन्यानंतरची रेघ कशी वळते ते पाहायला विसरू नका.